घरासह गड चढलेला माणूस : गो. नी. दांडेकर

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घर आणि रान यांचे जमत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. ज्याला डोंगरांचे वेड, त्याचे संसारात लक्ष नाही. आणि ज्याचे संसारात लक्ष, त्याला दुकानाच्या गादीवरून उठावयास सवड नाही, असे लोक धरून चालतात. या दोन्ही समजुती खोट्या ठरविणारा एक गृहस्थ विदर्भाच्या मातीत जन्मला. त्यांचे नाव गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजेच मराठी वाचकांचे गोनीदा. सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण करावयाचे ते केवळ थोर लेखक म्हणून नव्हे, तर कुटुंबवत्सल माणूस म्हणून.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाडा येथे झाला. आष्टीकरांना हे गाव परके नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि त्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाडा वसले आहे. मागे मेळघाटचे अरण्य, वर चिखलदरा आणि त्याच्या शेजारी गाविलगडाचा जुना किल्ला. अशा ठिकाणी जन्मलेल्या मुलाला पुढे आयुष्यभर डोंगर साद घालीत राहिले, यात नवल ते काय!

वयाच्या तेराव्या वर्षी, सातवीत शिकत असताना, या मुलाने शाळा आणि घर दोन्ही सोडले. १९३० च्या सुमारास देशात स्वातंत्र्याचे वारे वाहत होते. त्या वाऱ्याने जी कोवळी मुले घराबाहेर ओढली गेली, त्यांत हा एक होता. घरातील मूल असे निघून गेले की मागे राहिलेल्यांचे काय होते, हे आष्टीला सांगावयास नको. १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यावर गेलेल्या या गावच्या माणसांपैकी काही जण परत आलेच नाहीत. त्या दिवसाने आष्टीला शहीदांचे गाव हे नाव दिले आणि काही उंबरठ्यांना जन्मभराची वाट पाहणेही दिले. देशासाठी घर सोडणे हे मोठे कार्य खरेच. पण त्याचे मोल घरातील माणसेही मोजतात. गोनीदांच्या जीवनाचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

घर सोडलेल्या त्या मुलाला पुढे संत गाडगेबाबांचा सहवास लाभला. बाबाही अमरावती जिल्ह्याचेच, शेंडगावचे. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरताना या तरुणाने महाराष्ट्र पायांखाली घातला. वेदान्ताचे अध्ययन केले. नर्मदेची परिक्रमा केली. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल होते. या परिक्रमेच्या अनुभवातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी सिद्ध झाली, तर बालपणापासूनच्या भटकंतीच्या आठवणींचे ‘स्मरणगाथा’ हे पुस्तक झाले. त्या पुस्तकास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

येथवरची कथा ऐकून कोणालाही वाटेल की हा तरुण आता विरक्त होणार. पायी विहार करणारे साधू-साध्वी या सभागृहातील सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचा मार्ग पूर्ण त्यागाचा असतो. त्यांनी घराचा पाश विधिपूर्वक सोडलेला असतो. गाडगेबाबांनीही संसार मागे ठेवला होता. गोनीदांपुढे असे आदर्श होते आणि पायांत बळही होते. तरीही त्यांनी गृहस्थाश्रम स्वीकारला. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे त्यांनी बिऱ्हाड केले आणि १९४७ पासून लेखन हाच आपला व्यवसाय मानला.

व्यापारी समाजाला या निर्णयाचे वजन चटकन कळेल. दुकानाला हंगाम असतो, नोकरीला पगाराचा दिवस असतो. लेखणीला यांपैकी काहीच नसते. पुस्तक केव्हा पुरे होईल, प्रकाशक केव्हा पैसे देईल आणि किती देईल, याचा कसलाच भरवसा नाही. अशा उत्पन्नावर घर चालवावयाचे तर लिहिणाऱ्याइतकेच धैर्य घर सांभाळणारीलाही लागते. त्यांच्या पत्नी नीराताई यांचा वाटा म्हणूनच फार मोठा आहे. या दांपत्याच्या स्मरणार्थ पुढे दिल्या गेलेल्या एका पुरस्काराचे नावच ‘नीरा गोपाल’ असे आहे. आधी नीरा, मग गोपाल. जमाखर्चाच्या वहीत ज्या रकमेची नोंद कधी होत नाही, ती त्या नावात झाली आहे.

तळेगाव हे मावळातले गाव. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे गड त्या परिसरातच आहेत. गोनीदा या गडांवर पुन:पुन्हा गेले. रायगड-राजगडाच्या वाऱ्या तर त्यांनी किती केल्या, याची गणती नाही. गड म्हणजे नुसते दगडधोंडे अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी तेथील तटबुरूज, पाण्याची टाकी, झाडे, पाखरे आणि माचीवर राहणारी माणसे डोळे भरून पाहिली, छायाचित्रांत टिपली आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’सारख्या पुस्तकांतून मराठी घरांत पोहोचविली. तुंगच्या परिसरातून ‘पवनाकाठचा धोंडी’ आला. ठाकर समाजाच्या जीवनावर ‘जैत रे जैत’ आली. तिच्यावर डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली काढलेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल.

राजमाचीने त्यांना ‘माचीवरला बुधा’ दिला. ही कादंबरी या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. म्हातारा बुधा मुंबई सोडतो आणि राजमाचीवर एकटा राहावयास येतो. झाडे, पाखरे, जनावरे हेच त्याचे गणगोत होते. वाचक बुधाच्या प्रेमात पडतो आणि आपणही असे निघून जावे, असे त्याला क्षणभर वाटते. पण लेखकाने स्वत: काय केले? बुधाचे एकटेपण त्यांनी कागदावर उतरविले. स्वत: मात्र ते गडावरून प्रत्येक वेळी तळेगावच्या घरी परत आले. एवढेच नव्हे, तर पुढच्या वेळी घरातील माणसांनाच बरोबर घेऊन निघाले.

गोनीदांचे कुटुंबप्रेम दिसते ते येथे. कन्या वीणा, जावई विजय देव आणि नात मृणाल ही सारी त्यांच्याबरोबर गडवाटा चालली. चढ चढताना धाप लागलेल्या मुलाशी वडील जसे बोलतात, तसे ते घरी जेवणाच्या पाटावर बोलत नाहीत. पाण्याची एकच बाटली चौघांत पुरवावयाची असली की वाटून घेणे शिकवावे लागत नाही. पाखराचा आवाज ऐकण्यासाठी सर्वांनीच गप्प राहावयाचे असले की मोठा कोण आणि धाकटा कोण, हे उरत नाही. रानाची ओढ ही त्यांनी स्वत:ची चैन म्हणून जपली नाही. ती घरात वाटून टाकली.

जे डोंगरात, तेच शब्दांत. १९७० च्या दशकात या कुटुंबाने गोनीदांच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन सुरू केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. समोर पुस्तक आणि आवाजात भावना, एवढीच सामग्री. लेखक स्वत:, त्यांची कन्या आणि जावई वाचावयास बसत. पुढे नात मृणाल कुलकर्णी आणि नातजावई रुचिर कुलकर्णी हेही त्यात सामील झाले. तीन पिढ्या एका पुस्तकाभोवती बसल्या आहेत, हे दृश्य आज किती घरांत दिसते?

१९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गोनीदांना लाभले. तेराव्या वर्षी निघून गेलेल्या मुलाला वऱ्हाडाने असा मानाने परत बोलावला. १ जून १९९८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

माणूस गेल्यावर त्याचा वारसा कशावरून ओळखावा? डॉ. वीणा देव यांनी अभिवाचनाचे कार्य वडिलांच्या मागेही नेटाने चालू ठेवले. डॉ. विजय देव यांच्या पुढाकाराने गडांच्या सान्निध्यात दुर्ग साहित्य संमेलने भरली. सासऱ्यांचे वेड जावयाने आपले मानावे, यापरते कुटुंबवत्सलतेचे दुसरे प्रमाणपत्र कोणते? आज ती दोघेही नाहीत; वीणाताईंचे निधन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. रायगड, राजगड आणि लोहगड त्यांत आहेत. ज्या वाटा या कुटुंबाने प्रेमाने तुडविल्या, त्यांची दखल जगाने घेतली.

आता थोडे घरच्या गोष्टीकडे. व्यापारी बांधव मुलाबाळांसाठी जन्मभर राबतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकान, सणासुदीला तर जेवावयासही उसंत नाही. हे सारे घरासाठीच चालले आहे, असे मनाचे समाधानही असते. पण मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला निघून गेल्यावर कित्येक वडिलांच्या लक्षात येते की मुलाला इमारत दिली, पेढी दिली. फक्त सोबत द्यावयाची राहून गेली. उलट गोनीदांपाशी देण्यासारखी पेढी नव्हती. त्यांनी सोबत दिली, आणि तीच पुढच्या पिढ्यांचे भांडवल ठरली.

त्यासाठी रायगडच गाठला पाहिजे, असे नाही. आष्टीच्या परिसरात अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. थंडीत तेथे पाखरांचे थवे उतरतात. संत्र्याच्या बागा बहराला आल्या की रस्त्यावरूनही सुगंध येतो. आठवड्याच्या एका सकाळी नातवाचे बोट धरून आजोबांनी तेवढे अंतर चालावे. त्या पाखराचे नाव दोघांनाही येत नसेल तर उत्तम. दोघांनी मिळून ते शोधावे. दुकान एक तास उशिरा उघडल्याने तोटा झालाच, तर तो सोसण्याजोगा असतो.

तेराव्या वर्षी घर सोडलेल्या एका मुलाने उरलेले आयुष्य घर बरोबर घेऊन चालण्यात घालविले. त्या गृहस्थाच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र!