दाराच्या फटीतला सिनेमा



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, या वयात इटलीचा शृंगारपट कुठून काढलात?" लॉरा आंतोनेल्ली या नटीच्या चेहऱ्यामुळे, हे माझे उत्तर. जरा धीराने ऐका.

१९७३ साली साल्वातोरे साम्पेरी या दिग्दर्शकाचा 'मालित्सिया' आला. सिसिलीतले एक घर, विधुर बाप, त्याचे मुलगे आणि कामाला आलेली तरुण बाई, एवढेच कथानक. छायाचित्रण मात्र वित्तोरियो स्तोरारोचे. चित्रपट तुफान चालला. या प्रकारात सगळी किंमत झाकलेल्याला असे. दार किलकिले, फटीतून दिसेल तेवढेच. उरलेले प्रेक्षकाने मनाशी पुरे करायचे. आंतोनेल्लीला अभिनयही येत होता, हे लोक विसरतात. विस्कोंतीने आपल्या शेवटच्या चित्रपटात, १९७६ च्या 'लिन्नोचेन्ते'त, तिला नायिका केले ते उगाच नव्हे.

मग हा सिनेमा आटला कशाने? न्यायालयांनी मारला, असे अनेकांना वाटते. १९७६ साली बेर्तोलुच्चीच्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'च्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला, हे खरे. पण १९८७ मध्ये तोच चित्रपट राजरोस परत लागला. ठळक लक्षण म्हणजेच रोग, असे समजण्याची चूक आम्ही वैद्यमंडळीही करतो.

दुखणे दुसरीकडे होते. त्याच १९७६ साली घटनात्मक न्यायालयाने स्थानिक प्रसारण खासगी वाहिन्यांना खुले केले. घरबसल्या, फुकट, दिवसभर चित्रपट दिसू लागले. सत्तरीच्या मध्याला वर्षाला पन्नास कोटींवर तिकिटे खपत. दहा वर्षांत ती पंधरा कोटींच्याही खाली आली. दुसरीकडे, सारे काही उघडे दाखवणारी 'लाल दिव्यां'ची चित्रपटगृहे शहरोशहरी निघाली. अर्धे झाकून विकणाऱ्याने आता जावे कुठे? तिंतो ब्रासने १९८३ मध्ये 'ला क्यावे' चालवून दाखवला, पण एकट्याच्या दुकानाने बाजारपेठ उभी राहत नाही.

अशा वेळी धंदा जुन्या नावाकडे वळतो. १९९१ मध्ये साम्पेरीनेच 'मालित्सिया २०००' काढला, आणि नायिका पुन्हा आंतोनेल्ली, आता पन्नाशीच्या उंबरठ्यावरची! तरुण दिसावी म्हणून तिच्या चेहऱ्यात इंजेक्शने दिली गेली. त्यांची भयंकर प्रतिक्रिया आली आणि चेहरा विद्रूप झाला. माझ्या पद्धतीत सुई नाही. पण धडधाकट माणसाला, केवळ वय लपवण्यासाठी, सुई टोचायची तर हात थरथरला पाहिजे, एवढे मला कळते. चित्रपट पडला. तिने शल्यचिकित्सक, निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यावर दावा लावला. तो टिकला नाही.

त्याच वर्षी तिच्या घरी कोकेन सापडले. शिक्षा झाली, आणि निर्दोष ठरायला २००० साल उजाडले. या दिरंगाईने प्रकृती ढासळली, म्हणून पुढे सरकारला तिला भरपाई द्यावी लागली.

२०१० मध्ये त्याच काळातला विनोदी नट लीनो बान्फी याने, तिला सरकारी मदत मिळावी, असे जाहीर आवाहन केले. तिने त्याचे आभार मानले. आपल्याला शांतपणे राहू द्यावे आणि विसरून जावे, एवढीच तिची इच्छा होती. २०१५ च्या जूनमध्ये, रोमजवळच्या लादिस्पोली गावात, ती वारली.