वाचाळ कोणाला म्हणावे?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज आम्ही एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'वाचाळ'. जास्त बोलणाऱ्याला आपण किती नावे ठेवतो! बडबड्या, बोलघेवडा, तोंडाळ. आपल्या लाडक्या लेकराला मात्र 'बोलका' म्हणतो. बोलणे तेच, पण नाव ठेवणारा बदलला की शब्दही बदलतो.

मूळ संस्कृत शब्द 'वाचाल'. पाणिनीने तो पुष्कळ बोलणाऱ्यासाठी सांगितला. पुढच्या व्याकरणकारांनी खुलासा केला, की पुष्कळ पण वाईट बोलतो तो वाचाल. चांगले बोलतो तो वाग्मी. म्हणजे दोष किती बोलला यात नाही, काय बोलला यात आहे.

धम्मातही हेच आहे. वाणीचे चार दोष सांगितले आहेत : मुसावाद म्हणजे खोटे बोलणे, पिसुणवाचा म्हणजे चहाडी, फरुसवाचा म्हणजे कठोर बोलणे आणि सम्फप्पलाप म्हणजे निरर्थक बडबड. खरा वाचाळपणा तो हा चौथा. तथागत तर ४५ वर्षे गावोगाव फिरून लोकांशी बोलत राहिले. त्यांना कोणी वाचाळ म्हणेल काय? 'अभयराजकुमार सुत्ता'त त्यांची कसोटी आहे : बोलणे खरे हवे, हिताचे हवे आणि वेळ पाहून केलेले हवे. मग ते ऐकणाऱ्याला गोड लागो की कडू.

आता आपल्या घराकडे या. पोरीने "असं का?" म्हणून विचारले, की आपण म्हणतो, "लई वाचाळ झालीस!" सुनेने खर्चाचा हिशोब विचारला, की ती तोंडाळ! बंधूंनो, ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक'. ज्यांना शतकानुशतके बोलूच दिले नाही, त्यांना वाचा फोडण्यासाठी ते निघाले. त्याच समाजात आपण आपल्याच लेकींची तोंडे बंद करायची काय?

नळावरची चहाडी, मीटिंगमधली उखाळीपाखाळी, तासन् तासाच्या वायफळ गप्पा, हे जरूर थांबवू. पण खरे आणि हिताचे विचारणाऱ्याला 'वाचाळ' म्हणून गप्प बसवायचे नाही. चौथे शील घेताना एवढे ध्यानात ठेवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!