तारखेची साक्ष



जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स हा कायद्याचाही पंडित. कलन या गणितशाखेचा आद्य शोध न्यूटनचाच, असा निर्णय १७१२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने दिला आणि लाइब्निट्सवर चोरीचा संशय लादला. सोसायटीचे अध्यक्ष कोण? खुद्द न्यूटन! अहवालही बहुतांशी त्यांच्याच हातचा. फिर्यादीनेच निकालपत्र लिहावे, याला आम्ही वकील न्याय म्हणत नाही.

१७१६ मध्ये लाइब्निट्स वारला. त्याच्यापाशी राज्याची गुपिते असतील, या धास्तीने हॅनोव्हरच्या दरबाराने त्याचे दप्तर ताब्यात घेतले. म्हणूनच ते टिकले. सुमारे १,१०० जणांशी झालेली १५,०००च्या आसपास पत्रे! बोडेमान या ग्रंथपालाने त्यांची सूची १८८९ मध्ये छापली. कोणी, कोणास, कोठून, केव्हा? यांतील 'केव्हा' सर्वांत बिकट. १७०० पर्यंत हॅनोव्हरची दिनगणना पॅरिसच्या दहा दिवस मागे होती. सूचीकार ते विसरला, तर पत्राआधीच उत्तर पोचते. (आपण तर तारखेचा शिक्का असलेले पाकीटच चुलीत घालतो.)

याच दप्तरात लाइब्निट्सने पॅरिसमध्ये लिहिलेले २९ ऑक्टोबर १६७५ चे टिपण आहे. कलनात आजही वापरले जाणारे एक चिन्ह त्यात प्रथम उमटले आहे. दोघांचे शोध स्वतंत्र होते, हे आता विद्वानांना मान्य आहे.