शाळेचं दार आणि कामाचं दार
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं. आपण शिकलो. पण आज संध्याकाळी नाक्यावर जाऊन बघा. सर्टिफिकेट घरात पेटीत आणि पोरगा नाक्यावर. ही मुलं आळशी आहेत काय? मुळीच नाही. शाळेचं दार त्यांनी ओलांडलं, पण कामाचं दार कुठं आहे ते त्यांना कोणी दाखवलं नाही.

हे दार आपल्याला पहिल्यापासून जड गेलेलं आहे. आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबली, पण विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं त्यांना घेत नसत. का? तर तिथं सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा म्हणे विटाळ होई! हात तयार असून हुन्नर शिकायला बंदी. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय वेशीवर टांगला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, युद्धावरून परतणाऱ्यांना काम मिळावं म्हणून सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उभी राहू लागली. काम मागणारा आणि काम देणारा यांची गाठ वशिल्याने नव्हे, तर नोंदणीने पडावी, हा त्यातला अर्थ.

आज अशी गाठ घालून देणारा एक कायदा आहे, १९६१ चा अप्रेंटिस कायदा. ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. पण खरं तेच सांगतो, शिकाऊ मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. मग फायदा काय? यंत्रावर हात बसतो, अनुभव मिळतो आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं.

मी स्वतः फिटर. आयटीआय पास झालो आणि दोन वर्षं मार्केटात हमाली केली. आमच्याच चाळीतले एक काका मोठ्या कारखान्यात होते. तिथं दरसाल अप्रेंटिस घेतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शेवटी रद्दीच्या पेपरात जाहिरात दिसली, मुदतीला दोन दिवस बाकी होते. मी लागलो. पण माझ्याबरोबर पास झालेला मित्र अजून हमालीच करतो. हुशारीत तो माझ्यापेक्षा काकणभर सरसच होता. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास या कामासाठी द्या. रेल्वेत, बेस्टमध्ये, कारखान्यात, दवाखान्यात असलेल्यांनी आपल्याकडची भरती विहाराच्या फळ्यावर लिहावी. मोबाईल येणाऱ्या मुलांनी अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर बाकीच्यांची नोंदणी करून द्यावी. आधार, मार्कलिस्ट, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं एका फाईलीत तयार ठेवा. आणि करार नोंदवल्याशिवाय कुणाकडेही फुकट राबू नका. "शिकवतो" म्हणून झाडू मारायला लावणारेही पुष्कळ आहेत!

मातांनो, मुलीलाही इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट होऊ द्या. आणि आयटीआयला नाक मुरडू नका.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. आपल्या वस्तीतल्या एका पोराला कामाच्या दारापर्यंत नेऊन सोडणं, हाही धम्माचाच भाग आहे असं मी मानतो. तो काका आता आपल्यापैकी प्रत्येकाला व्हायचं आहे, पण सांगणारा काका!

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!