बालकांचे इसब : चिठ्ठी आणि न्हाणीघर

बालरोग आणि त्वचारोग या दोन शाखांचे चिकित्सक ज्या परिषदेत एकत्र बसले आहेत, तिथे अध्यक्षीय भाषणासाठी लहान मुलांच्या इसबासारखा विषय निवडणे काहींना जुनाट वाटेल. कारण ‘अटोपिक डर्माटायटिस’ हे नाव वाइज आणि सल्झबर्गर यांनी १९३३ साली पुढे आणले, निदानाचे हॅनिफिन आणि रायका यांचे निकष १९८० सालचे आहेत आणि हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेवर गुणकारी ठरते हे १९५२ सालीच दिसून आले होते. तरीही खाजवून रक्ताळलेल्या गालांची तान्ही मुले बाह्यरुग्ण विभागात येतच असतात, आणि त्याचे कारण औषधांच्या अभावापेक्षा ते औषध घरी कोण लावते, किती लावते आणि कोणाच्या सल्ल्याने मध्येच थांबवते यात अधिक आहे, असे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

अटोपी म्हणजे दमा, ॲलर्जीची सर्दी आणि इसब यांच्याकडे कल असणारी, पुष्कळदा कुळातून आलेली प्रवृत्ती. तिची मीमांसा दीर्घकाळ केवळ रोगप्रतिकारशक्तीच्या अंगाने होत राहिली. परंतु स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा इसबाशी असलेला संबंध दाखवला आणि त्वचेच्या आवरणाला पुन्हा महत्त्व आले. फिलाग्रिनमुळे वरच्या थरातील पेशी घट्ट बांधल्या जातात आणि त्याच्या विघटनातून त्वचेतील पाणी धरून ठेवणारी द्रव्ये तयार होतात. ते अपुरे असले की त्वचेतून पाणी निसटते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू तिथे ठाण मांडतात. ‘अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, ती दाबू नये, नाहीतर दमा होईल’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या समजुतीला उत्तर द्यायचे तर ते इथूनच द्यावे लागते. इसब असलेल्या मुलांपैकी काहींना पुढे दमा होतो हे खरेच आहे, आणि म्हणूनच त्या समजुतीला नुसते हसून चालत नाही; पण तो मलम लावल्यामुळे होत नाही, दोन्हींचे मूळ एकाच प्रवृत्तीत असते, हे आजीसमोर बसून समजावण्याइतका वेळ चिकित्सकाने काढला पाहिजे.

महाराष्ट्रातील बाळाच्या न्हाणीकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. तेलाची मालिश, कढत पाणी, डाळीचे पीठ किंवा उटणे चोळणे, त्यानंतर शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी हा क्रम निरोगी त्वचेच्या बाळाला सोसतो. इसब असलेल्या बाळाची त्वचा मात्र घर्षणाने अधिक फाटते, कढत पाण्याने अधिक कोरडी पडते आणि धुराने अधिक चिडते. पिठाचा प्रश्न याहून गंभीर आहे. गिडियन लॅक यांनी २००८ साली मांडलेल्या विचारानुसार अन्नातील प्रथिने तोंडावाटे पोटात गेली तर शरीर ती बहुधा स्वीकारते, पण तीच फाटलेल्या त्वचेतून शिरली तर त्यांच्याविरुद्ध ॲलर्जी तयार होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरणाऱ्या अनेकांना गहू खाल्ल्यावर तीव्र ॲलर्जी होऊ लागली, ते याचेच उदाहरण होते; उलट २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ खाऊ घातल्यावर शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण पुष्कळच घटले. हरभऱ्याच्या डाळीला हे सारे तंतोतंत लागू होते असा दावा इथे नाही, परंतु जे पीठ पोटात जायला हवे ते रक्ताळलेल्या गालांवर रोज चोळण्याचे समर्थन करणे आता कठीण आहे. आणि नेमके उलटे घडते: पीठ अंगावर चोळले जाते, तर दूध, अंडी, दही, शेंगदाणे हे सारे पथ्याच्या नावाखाली बाळाच्या आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्याही ताटातून काढले जाते. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी, उलट्या किंवा सूज आल्याचा स्पष्ट इतिहास नसताना असे पथ्य सुचवणाऱ्या चिकित्सकांची संख्याही, दुर्दैवाने, लहान नाही.

मात्रेचा प्रश्न रुक्ष वाटला तरी निर्णायक आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २००७ सालच्या मार्गदर्शिकेत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितले आहे, तर आपल्याकडील चिठ्ठीवर पुष्कळदा पन्नास ग्रॅमची एक नळी लिहिली जाते आणि ती महिनाभर पुरवली जाते. स्टेरॉइड मलमासाठी बोटाच्या पेराचे माप सोयीचे आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बाळाच्या चेहऱ्याला सौम्य हायड्रोकॉर्टिसोन द्यावे, जोर ओसरला की पूर्वीच्या जागी आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवावे, आणि दोन वर्षांवरील मुलांत नाजूक जागी टॅक्रोलिमसचा विचार करावा, हे या सभेला नवीन नाही. स्टेरॉइडच्या भीतीला मात्र एक वास्तव आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. क्लोबेटासोल, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमे वर्षानुवर्षे मेडिकलमधून चिठ्ठीविना मिळत राहिली, खरूज आणि नायटाही त्यांखाली झाकले गेले. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइड मलमांच्या अशा विक्रीवर निर्बंध आणले, तरी घरातील फडताळात जुनी नळी असतेच.

इसब बरे होताना उरणारे फिकट चट्टे हा आपल्याकडील सावळ्या त्वचेचा खास प्रश्न आहे. ते कोड नव्हे, कॅल्शियमची कमतरता नव्हे, जंतही नव्हेत. दाह शमल्यावर काही महिन्यांत रंग परततो, हे आधीच न सांगितल्यास तो दोष मलमाच्या माथी बसतो आणि उपचार थांबतो.

प्रतिबंधाच्या बाबतीत नम्रता बरी. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावल्याने इसब टळत नाही, असे २०२० साली ब्रिटनमधील ‘बीप’ अभ्यासाने दाखवले. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलांचा आणि रेशमी कपड्यांचा जादा लाभही त्याच देशातील अभ्यासांत आढळला नाही. पालकांचा हा खर्च तरी निःशंकपणे वाचवता येतो.

ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ सालापासून सहा महिन्यांवरील बाळांसाठीही मान्य आहे आणि निवडक तीव्र रुग्णांत ते उपयोगी पडते. मात्र त्याची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मागच्या भेटीतली मलमाची नळी पालकांना सोबत आणायला सांगावी. तीन महिन्यांनंतरही ती अर्धी भरलेली असेल, तर मूल अजून उपचाराला पोहोचलेलेच नाही असे समजून, त्या दिवशी दवाखान्यातच आईच्या किंवा आजीच्या हाताने मलम लावून घ्यावे.