आधी अध्ययन, मग प्रस्थान



परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की, मुलगा तिकडे जाऊन बिघडेल, अशी धास्ती घरोघरी व्यक्त होते. ही धास्ती केवळ आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचीच आहे असे नाही. स्कॉटलंडचा विचारवंत ॲडम स्मिथ यानेही १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात, कोवळ्या वयाच्या मुलांना युरोपच्या प्रवासाला धाडण्याच्या श्रीमंतांच्या प्रथेवर कोरडे ओढले आहेत. असा तरुण अधिक गर्विष्ठ होऊन आणि गंभीर अभ्यासाला अपात्र होऊन परततो, असा त्याचा अभिप्राय होता. मात्र स्वतः स्मिथ १७६४ ते १७६६ या काळात एका तरुण ड्यूकचा शिक्षक म्हणून फ्रान्समध्ये राहिला. तेथील अर्थचिंतकांशी झालेल्या चर्चेचा त्याला लाभही झाला. प्रवास तोच, पण स्मिथ आपले प्रश्न बरोबर घेऊन गेला होता.

पाश्चात्त्य महाविद्यालयांतील एका अभ्यासपद्धतीचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. अठराव्या शतकातील युरोपात जी वैचारिक चळवळ झाली, तिला ‘एन्लायटनमेंट’ म्हणजे ज्ञानोदय म्हणतात. स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य बाळगावे, असे तिचे सार जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८४ साली सांगितले. या पद्धतीत विद्यार्थी आधी वर्गात मूळ ग्रंथ वाचतात आणि मग ज्या नगरात ते विचार जन्मले, तेथे काही आठवडे राहतात. एडिंबरा हे अशा अभ्यासाचे एक स्वाभाविक स्थान आहे.

ग्रंथात केवळ निष्कर्ष असतो. नगरात त्याची किंमत कळते. याच एडिंबऱ्यात १६९७ साली थॉमस एकेनहेड या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. पुढे १७४५ साली डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाला, तो नास्तिक असल्याच्या संशयामुळे, तेथील विद्यापीठात अध्यासन नाकारले गेले. आज त्याच नगराच्या मुख्य रस्त्यावर ह्यूमचा पुतळा उभा आहे आणि तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, कॅननगेटच्या दफनभूमीत, स्मिथची समाधी आहे. विचारस्वातंत्र्य युरोपला आयते मिळाले नाही, हे तेथे उभे राहिल्यावर जसे उमगते, तसे केवळ पाठ्यपुस्तकातून उमगत नाही.

परंतु डोळे उघडे ठेवणाऱ्याला तेथे आणखीही काही दिसते. ज्ञानोदयाचा पुरस्कर्ता असलेल्या याच ह्यूमने एका तळटीपेत, गोरेतर वंश निसर्गतःच कनिष्ठ असल्याचा समज नोंदवला. त्या टिपेमुळे एडिंबरा विद्यापीठाने २०२० साली त्याच्या नावाच्या इमारतीचे नाव बदलले. पण गोष्ट येथेच संपत नाही. ॲबरडीनचे प्राध्यापक जेम्स बीटी यांनी १७७० सालीच त्या मताचे खंडन केले होते. १७७८ साली जोसेफ नाइट या गुलामाच्या खटल्यात एडिंबऱ्याच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, स्कॉटलंडचा कायदा गुलामगिरी मान्य करीत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे ज्ञानोदयाचा दोष त्याच काळात, त्याच भूमीवर, तर्काच्याच कसोटीवर उघड झाला. सरसकट पूजा आणि सरसकट निंदा, हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत, हाच याचा अर्थ.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी तर हे नगर अगदीच परके नाही. पेशवाईचा १८१८ साली अस्त घडवून आणण्यात प्रमुख वाटा असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन एडिंबऱ्याच्याच शाळेत शिकला होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२१ साली, त्याच्याच पुढाकाराने पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यासाठी दक्षिणेच्या निधीतून पैसा देण्यात आला. राज्य घेणारा आणि पाठशाळा उघडणारा हात एकच होता. पुण्याच्या विद्यार्थ्याने ही गाठ मनाशी बाळगून एडिंबऱ्यात पाऊल टाकले, तर तो तेथे केवळ प्रेक्षक राहणार नाही, प्रश्नकर्ता होईल.

परदेशी जाऊन शिकावे कसे, याचा आदर्श आपल्यापुढे आहेच. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाश्चात्त्य ज्ञान मुळापासून आत्मसात केले, पुढे लंडनमध्येही अध्ययन केले. तरीही १९५४ सालच्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नसून भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. युरोपचा ज्ञानोदय पूर्णपणे जाणणाऱ्या पंडिताने हे म्हणावे, यातच त्या विधानाचे वजन आहे. न वाचता केलेला स्वदेशाभिमान आणि न तपासता केलेले अनुकरण, दोन्ही त्यांना अमान्य होती.

म्हणून परदेशी अवश्य जावे. परंतु निघण्यापूर्वी तेथील ग्रंथही वाचावेत आणि आपलेही. आपले न वाचता गेलेल्या तरुणाजवळ तुलनेला काही नसते. तेथले न वाचता गेलेला तरुण फक्त छायाचित्रे घेऊन परततो. दोन्ही वाचून गेलेला मात्र परतताना काहीतरी घेऊन येतो आणि तेथेही काही देऊन येतो. बुद्धीची कसोटी युरोपने सर्व जगाला लावली. ती युरोपलाही लावावी आणि तितक्याच निर्भयपणे स्वतःलाही लावावी. ज्ञानोदयाचा खरा अभ्यास याहून वेगळा असू शकत नाही.