गाडीची जाळी कापू देऊ नका



आता आपल्या पुष्कळ गटांकडे गाड्या आल्या आहेत. कुणाची भाजी बाजारात नेणारी, कुणाची पापड-मसाल्याचा माल पोचवणारी, कुणाची शाळेच्या पोरांची व्हॅन. गाडी घेताना हप्ता किती, विमा किती, सगळं आपण दहा वेळा विचारतो. पण गाडी एकदा गॅरेजला गेली की तिच्यातलं काय ठेवायचं न काय काढायचं, हे तिथला माणूस ठरवतो. म्हणून आज आपण गाडीच्या पोटाखाली वाकून बघणार आहोत. तिथं दोन वस्तू असतात. एक ऑक्सिजन सेन्सर आणि दुसरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजमध्ये तिला नुसतं कॅट म्हणतात, नाहीतर जाळी.

चुलीपासून सुरू करू, ती आपल्याला कळते. लाकडं जास्त कोंबली आणि हवा कमी पडली की धूर होतो, डोळे चुरचुरतात, भांडी काळी होतात. मग आपण एखादं लाकूड मागं ओढतो, फुंकणी घालतो. इंजिनातही हेच. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून वाया जातं. ऑक्सिजन सेन्सर हा धुराच्या पाइपात बसवलेला बोटाएवढा खिळा समजा. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला, ते तो सतत चाचपतो आणि गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. आपण जाळाकडे बघून लाकूड मागं ओढतो ना, तसंच.

आता जाळी. सायलेन्सरच्या पाइपातच एक फुगीर डबा असतो. त्याच्या आत चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप. जाळी तापली की विषारी वायूंचं रूप पालटतं. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलची वाफ जळून जाते, नायट्रोजनचे घातक वायू साध्या नायट्रोजनात बदलतात. चांगली तापलेली, धडधाकट जाळी नव्वद टक्क्यांहून जास्त विष तिथल्या तिथं संपवते. पण हवा-पेट्रोलाचं माप बरोबर असेल तरच. म्हणून सेन्सर आणि जाळी ही जोडी आहे. बहुतेक नव्या गाड्यांत दोन सेन्सर असतात. जाळीच्या आधीचा पेट्रोलचं माप सांभाळतो, जाळीनंतरचा जाळी काम करते की नाही यावर नजर ठेवतो.

आमच्या गटाची व्हॅन पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालते. दिवाळीच्या मालाच्या घाईत तिच्या समोरच्या काट्यांजवळ पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. पेट्रोलही जास्त पिऊ लागली. चालवणारे दादा तिला हायवेवरच्या एका गॅरेजला घेऊन गेले. तिथून फोन आला, "जाळी चोक झालीय. कापून सरळ पाइप टाकतो. ॲव्हरेज वाढेल, दिवा कायमचा बंद करून देतो. जुनी जाळी मला द्या, वर दोन हजार मीच तुम्हाला देतो."

दुरुस्ती फुकट आणि वर पैसे. बैठकीत निम्म्या जणी हो म्हणाल्या, आणि त्यात नवल काही नाही, हप्ता डोक्यावर होता. मग आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "भंगार आहे तर हा पैसे कशाला देतोय?"

प्रश्न बरोबर होता. त्या जाळीवरचा धातू ग्रॅमच्या हिशेबात असतो, पण ऱ्होडियमचा भाव काही वर्षं सोन्याच्या कितीतरी पट वर होता. याच धातूपायी २०२१ च्या सुमारास गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रात उभ्या व्हॅनचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या येत होत्या. चोर जी वस्तू रात्री कापून नेतो, ती आपण दिवसाढवळ्या दोन हजारांत देणार होतो.

आम्ही गाडी तालुक्याला दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं आधी स्कॅनर लावला. स्कॅनरवर कोड आला तो पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा, जाळीचा नाही. वाकून पाहिलं तर सेन्सरची एक वायर उंदरानं कुरतडलेली. गाडी रात्री धान्याच्या गोदामाशेजारी उभी असते, तिथलाच उंदीर. सेन्सरचा निरोप पोचत नव्हता, म्हणून कॉम्प्युटर अंदाजानं जरा जास्तच पेट्रोल सोडत होता. वायर जोडली, कोड पुसला, दिवा गेला, ॲव्हरेज पहिल्यासारखं झालं.

जाळी कापली असती तर? वायर तुटलेलीच राहिली असती आणि पेट्रोल तसंच जात राहिलं असतं. मागचा सेन्सर जाळी नाही म्हणून ओरडला असता. मग काही गॅरेजवाले त्या सेन्सरखाली एक नळकांडं बसवतात, नाहीतर खोटा निरोप देणारी चिप लावतात. दिवा विझतो, पण उद्या खरा बिघाड झाला तरी गाडी सांगणार नाही. जाळी काढली की ॲव्हरेज वाढतं, हा समज येतो कुठून, तेही सांगतो. जाळी खरंच तुंबली असेल तर गाडी ओढत नाही आणि पेट्रोल पिते. तशी जाळी काढली की फरक पडतो. धडधाकट जाळी काढून हाती काही लागत नाही. आणि तुंबलेलीला उपाय नवी बसवणं हाच आहे, ती महाग असते हे खरं, म्हणून आधी वॉरंटीचे कागद बघा.

आम्हाला सगळ्यात काळजी वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच. रक्तात ऑक्सिजनच्या जागेवर तो दोनशेपट घट्ट बसतो. पोटुशी बाईच्या बाळापर्यंत पोचतो. कितीतरी व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. तिथला पाइप कापून कच्चं वेल्डिंग केलं आणि ते गळू लागलं, तर हा वायू सीटखालून थेट आत. काचा बंद, मागे शाळेची पोरं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो गाडी लागली.

कायद्याचंही ऐकून ठेवा. कंपनीनं दिलेली गाडी अशी बदलायला मोटार वाहन कायद्यात परवानगी नाही. प्रदूषणाचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पावती गाडी ज्याच्या नावावर त्याच्या नावानं फाटते, गॅरेजवाल्याच्या नाही. आपल्या पोरांच्या मोटरसायकलींनाही हे लागू आहे बरं का. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा गाड्यांच्या सायलेन्सरातही जाळी असते, आणि फटाके फोडणारा सायलेन्सर बसवला की बहुतेक वेळा ती जाते.

तेव्हा दिवा लागला तर आधी स्कॅनर लावायला सांगा आणि कोड कागदावर लिहून घ्या. जो स्कॅनर न लावता कापायची भाषा करतो, त्याच्याकडून गाडी परत आणा. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. इंजिन ठोके चुकवतंय, न जळलेलं पेट्रोल जाळीत जातंय आणि तिथं जळून जाळी वितळू शकते. याच कारणानं बंद पडणारी गाडी पुन्हा पुन्हा ढकलून चालू करू नका, प्लग बघा. सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून घ्या, खालून एक फोटो काढून ठेवा. सकाळी चालू करताच गाडी ट्रॅक्टरसारखी गरजली तर आधी खाली बघा, जाळी जागेवर आहे का. नसेल तर पोलिसांत तक्रार द्या, विम्याला ती लागते.

आणि एक. चालून आलेल्या गाडीची जाळी कित्येकशे अंश तापलेली असते. कडब्यावर, वाळल्या गवतावर किंवा खळ्यात पाचटावर ती उभी करू नका. आग लागते.